प्रक्रियेत असलेला अर्ज

कंपनीचं सॉफ्टवेअर फार हळू चालायला लागलं होतं. रजा, बदली, खरेदी, कोणता अर्ज कोणाकडून कोणाकडे गेला याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी त्यात साचल्या होत्या. त्या पुसायचं काम माझ्याकडे आलं. निकाल लागलेले अर्ज लगेच पुसले जात. अडकलेले मात्र आधी एकेक रद्द करावे लागत.

त्या अडकलेल्यांत एका ताईंचा बदलीचा अर्ज दिसला. छत्तीसगडच्या उत्तर टोकाला, सरगुजाकडच्या आमच्या शाखेत त्या कारकून होत्या, मूळच्या माझ्यासारख्याच विदर्भातल्या. नवऱ्याच्या किडन्या गेल्या होत्या, डायलिसिससाठी त्यांना रायपुरात यायचं होतं. दोन वर्षं त्या मला फोन करायच्या आणि मी स्क्रीनवर दिसेल ते सांगायचो, प्रक्रियेत आहे.

त्या दिवशी पहिल्यांदा मी अर्ज उघडून तो कोणाकडे आहे ते पाहिलं. ज्या साहेबांच्या खात्यात तो पडून होता, ते अर्ज यायच्या आधीच रिटायर झाले होते. तो कोणी वाचलाच नव्हता.

मी मॅनेजरला विचारलं. ते म्हणाले, रद्द करा, नवा भरायला सांगा. मी आमच्या नवा रायपुरातल्या मुख्य ऑफिसच्या जिन्यात जाऊन ताईंना फोन लावला आणि बदलीचा अर्ज नव्याने भरायला सांगितलं.

"भाऊ, आमचे हे तर दिवाळीच्या आधीच गेले," त्या म्हणाल्या. "आता काहून पाहिजे मले बदली?"

मी खरं ते सांगितलं. साहेबांचं बंद खातं, आणि मी कधी उघडून न पाहणंही.

"म्हणजे कोणी 'नाही' म्हटलंच नव्हतं?"

"नाही, ताई."

"मले वाटे, साहेब विचार करून राहिले." मग काउंटरवर कोणी आलंय म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रद्द करताना कारण निवडावं लागतं. यादीत चार कारणं होती. मी 'अर्जदाराची गरज संपली' हे निवडलं.

त्यानंतर दोन दिवस मी प्रत्येक अर्ज उघडून वाचला. कोणाची आई, कोणाचं बाळंतपण. सगळे असेच कोणा गेलेल्या माणसाच्या खात्यात. मॅनेजर म्हणाले, वाचत बसाल तर वर्ष जाईल. त्यांनी सगळे एकदम रद्द करायची परवानगी दिली. मी सगळे निवडले आणि बटण दाबलं.

सॉफ्टवेअर आता चांगलं चालतं. ताई अजून तिकडेच आहेत. मला त्यांचा फोन येत नाही.