ताटभर भिंत

मोरीच्या खिडकीखाली बाहेरच्या भिंतीचं प्लास्टर पडलं, जेवायच्या ताटाएवढं. ओल आत यायला लागली, कपाटातल्या चादरींना कुबट वास येऊ लागला. मी दोन ठेकेदारांना फोन केले. पहिला म्हणाला, पूर्ण भिंत काढायची असेल तर येतो. दुसरा हसला. मग गल्लीतल्या कुणीतरी ठिगळ्या मिस्त्रीचं नाव सांगितलं.

ठिगळ्या म्हणजे फक्त ठिगळं लावणारा. साठी उलटलेला, बारीक, शिडी स्वतःच्या खांद्यावर. मागे घमेलं घेऊन त्याची बायको. एके काळी तीन तीन मजल्यांच्या इमारतींना हात लावलेला माणूस, हाताखाली दहा गडी असायचे म्हणे. आता हे असं का, ते मी विचारलं नाही. मला माझ्याच घराची दुखणी पुरे होती.

त्याने सांगितलेला आकडा ऐकून मात्र मी भडकले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

"ताटाएवढ्या भोकाला एवढे?"

तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मग शांतपणे म्हणाला, "ताई, भोक केवढं ते धरू नका. आज सुटलेलं काढायचं, भिंत भिजवायची. उद्या पहिला हात. तो चार दिवस पाणी मारून पिकवायचा, मग वरचा हात. तीनदा यायचं, तीनदा शिडी लावायची. भिंत मोठी असती तरी फेऱ्या तीनच."

वाद घालायलाही अंगात बळ लागतं. मी बरं म्हटलं.

पहिल्या दिवशी तो शिडीवर चढून थापीच्या मुठीने भोकाभोवती ठोकू लागला. जिथे प्लास्टर भिंतीपासून सुटलेलं असतं तिथे पोकळ आवाज येतो, तेवढं सगळं काढावं लागतं. दरवेळी ठोकलं की तो खाली बायकोकडे बघायचा. ती विटेवर बसून वाळू चाळत असायची. तिची चाळण थांबली की हा खडूने खूण करायचा. मला वाटलं, काय हौस आहे या वयात! चाळीस वर्षं बघून अजून पोट भरलं नाही. काढता काढता ताटाएवढ्या भोकाची परात झाली, ती गोष्ट वेगळी. चहाला दोनदा हाक मारली तर त्याने मानही वळवली नाही. बायकोने उठून शिडी हलवली, तेव्हा उतरला. मी मनात म्हटलं, कामापेक्षा माज जास्त.

दुसऱ्या दिवशी पहिला थर बसला. ओला असतानाच त्याने खिळ्याने त्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढल्या, वरच्या थराला धरायला काही हवं म्हणून. बायको उठताना दोन्ही हातांनी गुडघा धरत होती.

"तुम्ही घरी का नाही थांबत?" मी विचारलं.

"मी थांबले तर हे पण थांबतील," ती म्हणाली. मला ते लाडिक वाटलं. बोलताना तिच्या चेहऱ्यावर लाडिक काही नव्हतं, हे मी बघायला हवं होतं.

चार दिवस सकाळ-संध्याकाळ मी भिंतीला पाणी मारलं. पाचव्या दिवशी तो एकटाच आला. बायकोचा गुडघा सुजला होता. माल त्यानेच कालवला, शिडी चढला, पहिला थर नीट धरलाय का बघायला ठोकू लागला. मी खाली बादली घेऊन उभी होते, नेमकी तिच्या विटेपाशी. त्याने ठोकलं आणि सवयीने खाली बघितलं. तिथे मी. त्याने नजर काढून घेतली आणि पुन्हा ठोकलं. डाव्या कोपऱ्यात आवाज पोकळ आला, मला आला, बहिऱ्यालाही आला असता.

त्याने थापी मालात घातली.

"मिस्त्री, तिथे पोकळ आहे." तो लिंपायच्या तयारीत. "मिस्त्री!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी शिडी हलवली. त्याने खाली बघितलं, आणि मला कळलंय हे त्याला कळलं. थापी हातात तशीच राहिली, माल पायावर गळत होता. इतका थकलेला चेहरा मी आरशाबाहेर कुठे पाहिला नव्हता.

मी बोटाने कोपरा दाखवला. तो ठोकत गेला, पोकळ आलं की मी हात वर करत गेले. त्याने खडू फिरवला. मग खाली उतरून पायरीवर बसला.

"चार वर्षं झाली. फोडायच्या मशीनने कान गेले," तो म्हणाला. "मोठ्या कामावर गोंगाटात तिलाही ऐकू येत नाही, म्हणून ही ठिगळं. ताई, कुठे बोलू नका. बहिऱ्या मिस्त्रीला कोण बोलावणार?"

कोपरा पुन्हा फोडावा लागला. आणखी दोन फेऱ्या. त्या जास्तीच्या फेऱ्यांचे पैसे त्याने घेतले नाहीत, मी आग्रह केला तरी. शेवटच्या दिवशी बायको काठी टेकत आली. मी आतून खुर्ची आणली. आधी तिला विटेवर बसलेलं बघत आरामात चहा प्यायले होते, त्याची लाज वाटली.

आता ती जागा कुठे होती हे मलाही शोधावं लागतं. परवा शेजारीण कुंपणापाशी आली. तिच्या जिन्याजवळचं प्लास्टर सुटलंय.

"तुमचा तो मिस्त्री बरा आहे का? पण एवढ्याशा कामाला एवढे पैसे घेतो म्हणतात."

"दोघांचं काम असतं," मी म्हटलं. "आणि त्याच्या बायकोला बसायला खुर्ची द्या. शिडीवरून त्याला दिसेल अशी ठेवा."