खाट तेवढी नको

भिंतीवर माझ्या तळहातांचे दोन तेलकट डाग पडलेत. खांदा धरल्यापासून जमिनीवरचे जोर सुटले, आता भिंतीला रेटतो. गुडघ्यांनी बैठका सोडवल्या, म्हणून खुर्चीत बसतो-उठतो. आज कंबरही बोलायला लागली. व्यायाम शिकवायला येणारी पोरगी म्हणाली, "आजोबा, मग खाटेवर पडूनच पाय उचला. तेही चालतं."

"तुझं काय जातं, बाई? खाट सोडून काहीही सांग."

माझी बायको अशीच गेली. पाट सुटला तेव्हा खुर्ची आली, खुर्ची सुटली तेव्हा खाट. दर खेपेला दुखणं थांबायचं, आम्हाला बरं वाटायचं. खाटेवरही दुखायला लागलं तेव्हा मात्र बदल्यात द्यायला कुणाकडे काही नव्हतं.

गादीत तिच्या अंगाचा खळगा अजून आहे. पोरगी गेल्यावर नुसतं पडून पाहिलं. कंबर त्यात नेमकी बसली, नि दुखायची थांबली.