शनीला सोडलेल्या चपला

माझ्या अंगात किती आजार आहेत असं कुणी विचारलं, तर पूर्वी मी हसून सांगायचे, "भाडेकरू वाढत चाललेत, घरमालकीण मात्र एकटीच आहे." साखर सगळ्यात जुनी. तिच्यामागून रक्तदाब आला, मग थायरॉईड, मग संधिवात. मी भिंगारच्या एका शाळेत मुलींना शिवणकाम शिकवायचे, आणि आता सुईत दोरा ओवायला बसले की बोटं ऐकत नाहीत. यजमान लष्कराच्या डेपोत नोकरीला होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी बंगळुरूला असते. घरात मी आणि माझे हे भाडेकरू.

आजार वेगळे असले तरी दुखणं एकच असतं, हे डॉक्टरांना कसं सांगावं मला कळत नसे. साखरेचे डॉक्टर गुडघ्याला हात लावत नाहीत, म्हणतात ते हाडवाल्यांना दाखवा. हाडवाल्यांनी गोळ्या दिल्या, त्या मूत्रपिंडाला चालत नाहीत म्हणून बंद झाल्या. दुसऱ्या दिल्या, त्यांनी साखर चढली. साखर चढली की पाय जळतात, पाय जळले की झोप नाही, झोप नाही की सकाळी सांधे लाकडासारखे होतात. प्रत्येकाने आपापला तुकडा नीट तपासला, पण हे सगळं एकाच बाईला एकाच वेळी होतंय हे कुणी विचारलं नाही. त्यांची तरी काय चूक, बाहेर रांग असते.

हळूहळू मी बोलणंच सोडलं. रोज तेच रडगाणं कोण ऐकणार? लोक आधी हळहळतात, मग ऐकून घेतात, मग घड्याळाकडे बघतात. मुलीचा फोन आला की मी "बरी आहे" म्हणायचे आणि तिच्या नोकरीची चौकशी करायचे. फारच असह्य झालं तर आधी खिडकी लावून घ्यायचे आणि मग कण्हायचे, कारण भिंती पातळ आहेत. देवापुढे दिवा लावत होते, पण खरं सांगते, त्यात जीव नव्हता. इतकं मागून झालं होतं की मागायचाही कंटाळा आला होता.

त्यात उजव्या पायाची काळजी होती. माझे पाय आतून आग ओकतात, पण तळव्याला बाहेरचं काही कळत नाही. असा उफराटा न्याय. मागे एकदा टाचेला साधा फोड आला, मला पत्ताच नाही, आणि ती जखम भरायला कितीतरी महिने गेले. तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पुन्हा जखम चिघळली तर पाय वाचेल असं मी सांगू शकत नाही." त्यांनी मऊ तळव्याच्या, पट्ट्यांच्या काळ्या चपला करून घ्यायला लावल्या आणि घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही अशी ताकीद दिली. पाय गेला तर मला एकटीला राहता येणार नाही, घर बंद करून मुलीच्या दारात जाऊन पडावं लागेल. त्या एका भीतीवर माझे दिवस चालले होते.

आमच्या समोरच्या वहिनी मनाने चांगल्या आहेत. त्या एक दिवस म्हणाल्या, "ताई, हे सगळं एकदम मागे लागलंय म्हणजे साडेसातीच. शनिवारी शिंगणापूरला जा आणि चपला सोडून या. पण जुनी, तुटकी नाही हं. जी रोज पायात असते तीच सोडायची, देवाला फसवायचं नाही. मागे वळून बघायचं नाही, आणि गावाची वेस ओलांडेपर्यंत पायात काही घालायचं नाही." मी शिकलेली बाई आहे. इतर कुणी असं करते म्हणाली असती, तर मी तिला वेड्यात काढलं असतं. पण दुखण्याने माणूस इतका टेकीला येतो की शेवटी काहीही करून बघतो. पिशवीत साध्या रबरी सपाता घेतल्या, वेशीबाहेर घालायला, आणि चैत्रातल्या एका शनिवारी निघाले. एसटीने घोडेगाव, तिथून रिक्षा.

दर्शन लांबूनच घेतलं. गर्दीत गुडघे आधीच बोलायला लागले होते. मनात एवढंच म्हटलं, "महाराज, हे दुखणं तेवढं न्या. बाकीचं राहू दे." बाहेर एका कोपऱ्यात लोकांनी सोडलेल्या चपलांचा ढीग होता. त्यात माझ्या काळ्या चपला ठेवल्या, जोडी नीट लावून ठेवली, सवय जात नाही, आणि वळून न बघता चालू लागले. ऊन तापलं होतं. डांबरावर इतर अनवाणी माणसं पाय उचलून पळत होती, आणि मी आरामात चालले होते. मला तर वाटलं, देवाने ऐकलं की काय! पायाला काहीच होत नाहीये.

थोडं पुढे गेल्यावर कंबरेने दगा दिला. रस्त्याला लागून एक घर होतं. तिथल्या बऱ्याच घरांसारखंच, चौकट आहे पण दार नाही, नुसता पडदा. त्याच्या ओट्यावर मी टेकले. आतून कुणीतरी मोठ्याने कण्हत होतं, अगदी मोकळ्या गळ्याने. "आई आई गं, मेले गं बाई." मी दचकले. पडदा सारून एक म्हातारी बाहेर आली, माझ्याहून दहा-एक वर्षांनी मोठी असेल. एक हात कंबरेवर, दुसरा चौकटीला. तिने माझ्याकडे बघितलं, मग ओट्याच्या फरशीकडे.

"ए बाई, हलू नगंस. रगत कुनाचं हाय ह्ये?"

मी खाली बघितलं. रस्त्यापासून ओट्यापर्यंत लाल ठिपके आले होते. उजवा तळवा उलटा करून बघितला तर त्यात बाभळीचा काटा मोडून बसला होता, आणि अंगठ्याखाली चटक्याने फोड आलेला. मला यातलं काहीही कळलं नव्हतं. देवाकडे जे मागितलं होतं ते त्या तळव्यापुरतं मला आधीपासूनच मिळालेलं होतं, आणि त्याचा अर्थ आता समोर दिसत होता. मला रडू आलं. परक्या बाईच्या ओट्यावर बसून मी हमसून हमसून रडले, आणि खिडकी लावायची आठवणही झाली नाही.

त्या मावशींनी मला रडू दिलं. सुनेला हाक मारून पाणी मागवलं, पाय धुतला, काटा मात्र काढला नाही. "त्यो डाक्टर काढंल," म्हणाल्या आणि स्वच्छ धडपा बांधला. बांधताना मला विचारलं, "साखर हाय न्हवं? मला बी हाय. दमा हाय. गुडघं तर कवाच गेलं. चपला कुठं हायत तुज्या?"

ढिगात जोडी लावून ठेवलेल्या काळ्या पट्ट्यांच्या चपला, मी सांगितलं. सोडलेली चप्पल परत घालायची नसते, पीडा दुप्पट होऊन मागे लागते, हेही सांगितलं. पिशवीतल्या सपाता दाखवल्या. त्यांनी सपाता हातात घेऊन वाकवून बघितल्या आणि बाजूला ठेवल्या.

"शनिद्येवाला तुज्या चपला कशाला? त्याचं पाय सुजल्यात व्हय?"

मी नको नको म्हणत होते तरी त्या उठल्या. उठताना पुन्हा तेच, "आई आई गं." रस्त्याने लंगडत गेल्या आणि बऱ्याच वेळाने माझ्या काळ्या चपला पदराखाली धरून आणल्या. माझ्या पायाशी ठेवल्या. माझं धाडस होईना. तेव्हा त्यांनी जे म्हटलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"म्या उचलल्यात, तू न्हाईस. काय कोप व्हायचा त्यो माज्यावर हुईल. माज्याकडं आधीच लई हायत, त्यात आनिक एक. त्यो मला वळखतो. घाल तू."

मी घातल्या. गावातल्या डॉक्टरकडे रिक्षाने त्या माझ्यासोबत आल्या. खड्डा आला की त्या कण्हायच्या, मग मीही कण्हायला लागले. रिक्षावाल्याने एकदा मागे वळून बघितलं, बाकी काही नाही. काटा निघाला, मलमपट्टी झाली. निघताना मी नावही विचारलं नाही, मावशीच म्हणत राहिले.

जखम भरली. लवकर सापडली म्हणून भरली, आमचे डॉक्टर म्हणाले. घरी नुसत्या सपाता घालून आले असते, तर तळवा कधी बघितला असता कोण जाणे. पण माझ्या जिवाला दुसराच घोर लागला होता. त्या बाईने माझी पीडा स्वतःवर घेतली होती. हसू येतं, पण खरंच मला झोप लागेना. शेवटी पाय चालता झाल्यावर मी पुन्हा गेले. चौकट, पडदा, आणि आतून तोच आवाज, "मेले गं बाई." इतका आनंद मला कुणाच्या कण्हण्याने कधी झाला नव्हता.

त्यांनी मला आधी ओळखलंच नाही. चपलांकडे बघितलं तेव्हा ओळखलं. मी घाबरत घाबरत विचारलं, "मावशी, नवीन काही मागे लागलं नाही ना?"

"नवं काय न्हाई. हाय त्येच हाय," त्या म्हणाल्या. "बस."

ओट्यावर बसून चहा घेतला. मी त्यांना विचारलं, इतक्या मोठ्याने कण्हता, घरातली वैतागत नाहीत का. त्या म्हणाल्या, "वैतागत्यात की. पर म्या जित्ती हाय त्ये कळतं त्यास्नी. गप ऱ्हायले तर पळत येत्यात."

चमत्कार झाला का, मला ठाऊक नाही. माझे सगळे आजार जागच्या जागी आहेत. पण दुखणं न्या, असं मी आता देवाला म्हणत नाही. ज्याला दुखत नाही त्या पायाचं काय होतं, ते त्याने मला त्याच्याच दारात दाखवलं, आणि वर त्याच्याच गावची एक बाई पाठवून माझ्या चपला मला परत दिल्या. शरण जायचं म्हणजे आपल्या जवळचं काहीतरी सोडून यायचं, असं मला वाटत होतं. त्या दिवशी मला फक्त पाय पुढे करावा लागला. तेवढंही माझ्याकडून आजवर झालं नव्हतं. त्या माउलीचे आणि महाराजांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

त्या दुसऱ्या भेटीत मी ओट्यावर असतानाच मुलीचा फोन आला. नेहमीसारखं तिने विचारलं, "आई, कशी आहेस?"

"दुखतंय गं," मी म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला आणि तिने विचारलं, "कुठे कुठे?"

मी पायापासून सुरुवात केली.