इंजिनातलं मीठ

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, रोहित्रातलं तेल चोरणारी टोळी पकडली. पण कुणी 'साहेब, एखादी केस सांगा' म्हटलं की आधी आठवतं ते मिठाचं प्रकरण. त्यात कुणाला अटक झाली नाही, कोर्टात एक तारीख पडली नाही. तरी एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुठल्याही तपासाने मला इतकं खजील केलेलं नाही.

तेव्हा मी नगर जिल्ह्यातल्या एका धरणाच्या काठच्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. धरणाच्या फुगवट्यावर सुट्टीच्या दिवशी पुण्या-नगरची माणसं बोटीत बसायला येत. तिथे दोन सख्खे भाऊ धंदा करायचे. मूळचे पाथर्डीकडचे, आईबापांबरोबर ऊसतोडीला जात वाढलेले. थोरला आधी मासेमारीच्या कामाला धरणावर आला, तिथेच टिकला, मग स्वतःची मोटरबोट केली आणि धाकट्यालाही बोलावून घेतलं. धाकट्याने पुढे जुनी जेट स्की विकत आणली. पाण्यावर पळणारी मोटारसायकलच ती. थोरला तिला फटफटी म्हणायचा. ती आली आणि थोरल्याच्या बोटीकडे गिऱ्हाईक फिरकेनासं झालं.

एके सकाळी धाकटा अर्ज घेऊन ठाण्यात आला. जेट स्कीचं इंजिन तापून बंद पडलं होतं. गावातल्या गॅरेजवाल्याने ते उघडलं तर आत पांढरा थर. त्याने जिभेला लावून पाहिलं, मीठ निघालं.

"दादानंच घातलं साहेब," धाकटा म्हणाला. "माझ्या बायकोनं बघितलंय. भर दुपारी, कोन न्हाई बघून मशिनीपाशी गेल्ता."

गुन्हा दाखल करण्याआधी मी चौकशी लावली. दोन दिवसांत बीट हवालदाराने खबर आणली, की थोरल्याच्या खोपटात मिठाची अख्खी गोणी आहे. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

इथे एक गोष्ट कबूल करतो. शेजारच्या ठाण्यात माझाच बॅचमेट होता. महिन्याभरापूर्वी त्याने धरणावरचे पाणबुडी पंप चोरणारे पकडले, त्याचा फोटो पेपरात आला. क्राइम मीटिंगमध्ये एसपी साहेबांनी त्याला उभं करून शाबासकी दिली. मीही टाळ्या वाजवल्या, तोंड हसरं ठेवलं आणि परतताना जीपमध्ये ड्रायव्हरशी एक शब्द बोललो नाही. त्याच्यासारखं काहीतरी चटकन उघडकीला आणून दाखवायचं, हे एकच डोक्यात होतं. आणि भाऊ भावावर कसा जळत असेल, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. स्वतःला चांगलं ओळखीचं असलेलं दुखणं माणसाला दुसऱ्यात लगेच दिसतं.

थोरल्याला बोलावलं. पन्नाशीचा, काटक माणूस. त्याच्या बोटीच्या परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं आणि त्यासाठी लागणाऱ्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर पडून होता. गुन्हा दाखल झाला की पडताळणी अडणार, परवाना जाणार आणि बोट काठावर सडणार. हे त्यालाही माहीत होतं.

"मिठाची गोणी कशाला?" मी विचारलं.

"मासं खारवायला, साहेब. गिऱ्हाईक न्हाई तर मासं तरी वाळवून इकायचं."

"भावावर राग आहे?"

"राग न्हाई."

"मग जळता त्याच्यावर?"

तो मान वर करून म्हणाला, "व्हय. जळतो. लई जळतो. त्याला म्याच आनला हितं. पोहायला म्या शिकवलं. आता मानसं माझ्या बोटीत बसून त्याची फटफटी बघत्यात, अन् उतरल्यावर मलाच इचारत्यात, तिचा नंबर कुठं लावायचा म्हनून."

मी हवालदाराकडे पाहिलं. एवढं सरळ कुणी बोलतं, तेव्हा पुढची कबुली एका पावलावर असते असा माझा अनुभव होता.

"त्या दुपारी मशीनपाशी काय करत होता?"

आवाज चढवून विचारलं, समजावून विचारलं, चहा पाजून विचारलं. तासाभराने लाजून पुटपुटला, "बसलो हुतो."

"कुठे?"

"तिच्यावर. कसं वाटतं ते बघायला. चावी न्हवती. नुसतंच हँडल धरून बसलो."

हवालदाराला हसू आवरेना. मला मात्र ती थाप वाटली. पन्नाशीचा बाप्या चोरून खेळण्यावर बसतो म्हणे! मी त्याचा जबाब लिहून घेतला आणि उद्या गुन्हा दाखल करायचं ठरवलं. पेपरातली बातमी कशी दिसेल, तेही मनात मांडून झालं होतं.

आमचा हवालदार जुना माणूस होता. तो म्हणाला, "सर, दाखल करायच्या आधी इंजिन कुणा जाणत्याला दाखवू. उद्या कोर्टात वकील विचारील, मीठ ओतलं कुठून?" केडगावात एक मेकॅनिक होता, अनेक वर्षं बंदरावर लाँचच्या इंजिनांवर काम करून आलेला. धाकट्याच्या संमतीने मशीन पिकअपमध्ये घालून त्याच्याकडे नेलं. थोरल्यालाही बरोबर घेतलं. दोघं भाऊ पिकअपच्या हौद्यात मशीनच्या दोन बाजूंना बसले होते. वाटेत एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

मेकॅनिकने चष्मा कपाळावर चढवला आणि पाना घेऊन बसला. अर्ध्या तासाने त्याने मला खुणेने जवळ बोलावलं.

"पेट्रोलच्या टाकीत मीठ नाही, हवा जाते तिथं नाही. थर आहे तो फक्त इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटांमध्ये. तिथं कुणाचा हात पोचत नाही, साहेब. हे मशीन चालताना बाहेरचंच पाणी आत ओढतं आणि सोडतं. धातू खाल्लाय बघा, हे एका दिवसाचं काम नव्हे." मग त्याने सीटखालच्या कोपऱ्यातून बोटाने थोडी रेती काढून माझ्या तळहातावर ठेवली. तिच्यात शिंपल्यांचा चुरा होता. "तुमच्या धरणात काळा गाळ. हे कुठून आलं? हे मीठ माणसानं घातलेलं नाही. समुद्रानं घातलंय."

मी धाकट्याकडे वळलो. चौकशीत कळलं होतं, की दिवाळीच्या सुट्टीत मशीन बारा दिवस काठावर नव्हतं. सर्व्हिसिंगला पुण्याला दिलंय, असं त्याने गावभर सांगितलं होतं.

"कोकणात नेलं होतंस?"

त्याचा चेहरा उतरला. "व्हय. किनाऱ्यावर चालवलं. धंदा झ्याक झाला. पन कुनाला सांगितलं न्हाई. दादाला कळलं असतं तर आनखी जळला असता. नजर लागती, साहेब."

मेकॅनिक वैतागला. "अरे, खाऱ्या पाण्यातून काढलं की इंजिन चालू करून नळीनं गोडं पाणी आतून फिरवायचं असतं. नळी बंद केली की दोन-चार सेकंद इंजिन चालवून आतलं पाणी काढायचं, मग बंद. रोजच्या रोज. विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं हुतं."

"मग?"

"तितं गोड्या पान्याचा एकच नळ. बाया घागरी घिऊन रांगंत उभ्या. त्यांच्यादेखत मी चांगलं पानी नळीनं वाळूत सोडून देऊ? पहिल्या दिशी नळी लावली. पानी वाहून चाललेलं बघवंना. बंद केली. रोज वलं फडकं करून पुसत हुतो, आरशासारखी लख्ख. मला काय म्हाईत आतनं खाती म्हनून!"

मला आधी हसू आलं, मग आलं नाही. तेवढ्यात थोरला पुढे झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच भावाशी बोलला.

"उसाच्या फडावर आसताना तुज्याकडनं पान्याची कळशी सांडली हुती, ध्यानात हाय?"

"तू मारलं हुतं मला."

"लई मारलं हुतं," थोरला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "साहेब, म्या असतो तरी फडक्यानंच पुसली असती."

धाकट्याने तिथेच अर्ज मागे घेत असल्याचं लिहून दिलं. दोघांनी मिळून मशीन पुन्हा पिकअपमध्ये चढवलं.

तपासात आम्ही गुन्ह्याचा हेतू शोधतो, आणि मत्सर सापडला की अर्धं काम झालं असं समजतो. चूक आहे. जगातली निम्मी माणसं आतून जळत असतात आणि दुसऱ्याच्या काडीलाही हात न लावता मरून जातात. हे मला आधी कळायला हवं होतं, कारण मी स्वतः त्यातलाच. त्या माणसाने खरं सांगितलं ते मी कबुली म्हणून धरलं, आणि लाज गिळून सांगितलं त्याला थाप म्हटलं. एका फोटोपायी मी त्याची बोट बुडवायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी थोरला पडताळणीचा कागद न्यायला आला. मी अर्ज निकाली काढल्याची स्टेशन डायरीला नोंद केली होती, ती त्याला वाचून दाखवली. तरी तो टेबलापाशीच घुटमळत राहिला.

"साहेब, एक ऱ्हायलंय सांगायचं. फटफटी बंद पडली त्या दिशी म्या पोट भरून जेवलो. कैक म्हयन्यांनी. भाकरी इतकी ग्वाड लागली, की बायकूनं इचारलं, आज काय झालंय?" त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "त्याचं वाटोळं झालं, अन् मला भूक लागली. ह्याला काय कलम हाय का?"

"नाही," मी म्हणालो.

त्याला ते पटलेलं दिसलं नाही. मी कागदावर 'चारित्र्याबाबत आक्षेपार्ह काही आढळून आले नाही' असं लिहिलं, सही-शिक्का केला आणि त्याच्यापुढे सरकवला. त्याने एकेका शब्दावर बोट ठेवत तो वाचला.

"हे खरं न्हाई, साहेब," तो म्हणाला. पण परवाना हवा होता, म्हणून कागदाची घडी घालून त्याने तो खिशात ठेवला.