मास्तरांनी उसवलेली शिवण

पडदा उघडतो तो नाट्यगृहामागच्या एका चिंचोळ्या खोलीत. खिडकीपाशी शिलाई मशीन. खुंट्यांवर दोन राजे, एक भिकारी आणि एक परी लटकलेली. म्हणजे त्यांचे कपडे. आणि मशीनवर वाकलेले, ओठांत दोन टाचण्या धरलेले आमचे मास्तर.

तीस वर्षं मी या माणसाच्या हातचे कपडे घालून रंगमंचावर गेले. शिवताना ते शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड ठेवायचे. नटाचं पोट सुटलं, की कुणाला कळू न देता शिवण उसवून कपडा सैल करून द्यायचे. आम्ही आरशापुढे उभे राहून मिरवायचो, बघा, अजून तीच कंबर! मास्तर मान डोलवायचे. प्रयोगाआधी कुणाचा चेहरा पडू नये, एवढाच त्यांचा हेतू.

हीच रीत त्यांनी घरीही चालवली, आणि तिथे घात झाला.

त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, तळलेलं आणि गोड जीव की प्राण. लग्नानंतर शिवलेला निळा झगा अजून अंगाला बसतो, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. एके दिवशी लेकीने पाहिलं, तर आईच्या तळपायात मोडकी सुई रुतलेली, नि आईला पत्ताच नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर केव्हाची चढलेली, त्याने पाय बधिर झालेले, जखम चिघळलेली, पाय राहील की नाही सांगता येत नव्हतं. एवढं वजन वाढेपर्यंत घरातले काय करत होते, असं ते चिडून म्हणाले.

"पण माझे कपडे तेच आहेत हो," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी नंतर मला सगळं सांगितलं. वहिनींना सांगायचा धीर होईना.

औषधं सुरू झाली, आणि पथ्यही. मैदा, साखर, तळण, मांस बंद. कोंड्यासकट धान्य, कडधान्यं, भाज्या, सालासकट फळं. एकटीच्या ताटात पथ्य वाढलं तर ती शिक्षा होते, म्हणून तिघांनी तेच खायचं ठरवलं आणि स्वयंपाकघराचा ताबा मास्तरांनी घेतला. इस्त्रीच्या टेबलावर चवळी भिजू लागली. पहिल्याच आठवड्यात लेकीने विचारलं, "बाबा, ही खायची की शर्टाला बटणं म्हणून लावायची?" मास्तरांनी आपली वाटी संपवली.

पाय वाचला. आठेक महिन्यांनी वहिनी तोच निळा झगा घेऊन खोलीत आल्या. आता तो अंगावर लोंबायचा. आत घेऊन द्या म्हणाल्या. मास्तर तो नुसता हातात धरून बसले. शेवटी वहिनींनीच उलटा केला. शिवणीलगत जुन्या टाक्यांची भोकं, एकीशेजारी एक, चार ओळी.

"कितीदा उसवलात?"

चारदा, मास्तर म्हणाले. तू बाजारात गेलीस की. तुला वाईट वाटू नये म्हणून.

वहिनींनी त्या ओळींवरून बोट फिरवलं. रागावल्या होत्याच. मग म्हणाल्या, "आत घ्या. आणि उरलेलं कापड कापून टाका."

मास्तरांनी जन्मात जादा कापड कापलं नव्हतं. त्यांनी शिवण मारली, कात्री उचलली. निळी पट्टी जमिनीवर पडली.

"घे. आता लपवायला जागाच ठेवली नाही," ते म्हणाले. "चल जेवायला, आज चवळी मऊ शिजलीय."