घारापुरीची गिनती

सन १९७४, फेब्रुवारी महिना. माझं वय अठ्ठावीस. पायदळात नायक होतो, हातावर दोन फिती. शाळा तिसरीपर्यंत. बाकीचं पलटणीनं शिकवलं.

आमच्या गावच्या शाळेत पंधरा ऑगस्टला मला बोलावतात. लढाईचं सांगा म्हणतात. एकाहत्तरच्या लढाईचं मी पुष्कळदा सांगितलं. त्या लढाईत माझ्या सेक्शनचा एकही माणूस गेला नाही. ज्या दिवशी गेला तो सुट्टीचा दिवस होता. ते आजवर सांगितलं नाही. आता लिहून ठेवतो.

दोन वर्षं डोंगरातल्या चौकीवर काढून आमची कंपनी मुंबईत पहाऱ्याच्या ड्यूटीवर आली होती. सुभेदार साहेबांनी मला बोलावलं.

"सेक्शनाला उद्या मुंबई दाखव. बसनं हिंडव, लाँचनं घारापुरीची लेणी दाखव. संध्याकाळी सहाला बराकीत हजेरी. दहाच्या दहा पाहिजेत."

"जी साहेब."

मी धरून दहा. म्हणजे गिनती नवाची. बस थांबली की उतरून ओळ, उजवीकडून नंबर. एक, दोन, तीन, नऊपर्यंत. लोक बघायचे, हसायचे. मी सोडलं नाही. सात नंबर गफूर, पौडचा. बाजारात त्याच्या बापाचं कापडाचं दुकान होतं, म्हणून जीभ कात्रीसारखी. आठ नंबर मारुती, माझ्या सख्ख्या मामाचा मुलगा, वय बावीस. मुळशी धरणाच्या काठचं आमचं गाव. भरतीच्या मैदानावर त्याला मीच नेला होता. मामी म्हणाली होती, "तुझ्या भरवशावर देते." ड्यूटीवर तो मला उस्ताद म्हणायचा, एरवी दादा.

सकाळी सातला निघालो. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर मारुती सगळ्यात पुढं बसला.

"दादा, हितनं आपला ताम्हिणीचा घाट दिसंल."

"तुला बस थांबल्याली दिसली तरी पुरे," गफूर म्हणाला.

राणीच्या बागेत वाघ बघितला. तो झोपला होता. मग हँगिंग गार्डन. तिथं गफूर मान वर करून फिरायला लागला.

"उस्ताद, बाग टांगलीय कुटं? मला तर समदी जमिनीवरच दिसतीया."

सगळे हसले. मीही हसलो. हे मुद्दाम लिहितो, कारण त्यानंतर त्या दिवशी कुणी हसलं नाही.

आता एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. चौकीवर थंडी लई. सकाळच्या गिनतीला एखादा संडासाला अडकायचा, एखाद्याच्या बुटाची लेस गोठायची. उशीर झाला की शिक्षा. म्हणून शेजारचा माणूस दोन्ही नंबर द्यायचा. आपला मोठ्यानं, दुसऱ्याचा जरा बारीक आवाजात. तोवर तो धावत येऊन ओळीत घुसायचा. ही युक्ती मी लान्स नायक असताना मीच पोरांना शिकवली. आपल्या माणसाला आपण झाकायचं, असं मी म्हणायचो. मला त्याचा अभिमान होता.

अकराला गेटवेवरून लाँच सुटली, बाराला बेटावर पोचलो. पायऱ्या चढून लेणी बघितली, माकडांनी एकाची भाकरी पळवली. दोनला खाली धक्क्यावर आलो. समुद्र मागं गेला होता. येताना जिथं पाणी होतं तिथं लांबवर करडी जमीन उघडी पडली होती.

मारुतीच्या हातात एक रिकामी बाटली होती. मामीनं जन्मात समुद्र बघितला नव्हता. पाणी खरंच खारं असतं का, असं ती विचारायची. तिच्यासाठी तो पाणी भरून नेणार होता. धक्क्याजवळचं पाणी गढूळ, त्यावर लाँचच्या तेलाचा तवंग.

"तितं पुढं स्वच्छ दिसतंय. चालत जाऊन येतो," तो गफूरला म्हणाला. "लाँच लागली तर मी पलीकडच्या टोकानं चढतो. तोवर माजा नंबर दे."

हे मला नंतर कळलं. पण मला विचारलं असतं तरी मी जा म्हणालो असतो. आमच्याकडं उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटतं. बुडीतली जमीन वर येते. तिच्यावर आम्ही चालतो, गुरं नेतो, गाळपेर करतो. एकदा मागं गेलेलं पाणी पावसाळ्यापर्यंत येत नाही. हटलेलं पाणी म्हणजे चालायची जमीन, हे आमच्या पायांना माहीत. समुद्र सहा तासांत परत येतो हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं.

तीनला लाँचचा भोंगा झाला. गर्दी लई. माझी माणसं चढली, मी दाटीतच गिनती घेतली.

"पाच."

"सहा."

"सात."

"आठ."

"नऊ."

आठ गफूरच्याच आवाजात आला. जरा बारीक. मला ओळखू आला. मी आवाज ओळखला आणि गप्प बसलो. वाटलं, मारुती मागच्या टोकाला असेल, येईल पुढं. सगळे आले म्हणून मी लाँचवाल्याला हात वर केला. लाँच सुटली.

चारला गेटवेवर उतरलो. ओळ लावली. मी तोंडं बघितली. आठ होती.

"गफूर, मारुती कुटं हाय?"

"मागनं चढला असंल उस्ताद."

"असंल म्हंजे? तू बघितला का?"

गफूरनं मागं बघितलं. लाँच रिकामी होती. "न्हाई उस्ताद. मी नंबर दिला. त्यो बाटली भराया खाली उतरला व्हता."

धक्क्यावर एक म्हातारा तांडेल आपल्या मचव्यात बसून जाळं सांधत होता. त्यानं ऐकलं.

"खाली उतरला? चिखलान? फौजी, भरती कवाची लागली."

"त्यो धरणाकाठचा गडी हाय," मी म्हणालो. "आमच्या गावची पोरं चालायच्या आधी पोहतात. मुळशीचा माणूस पाण्यात मरत न्हाई."

"पानी नाय मारत," तांडेल म्हणाला. "चिखल मारतो."

मला राग आला. कुणी माझ्या माणसाचं मरण माझ्यासमोर बोलावं हे मला सोसलं नाही. चारची लाँच बेटावरून सुटलेली असणार, तो तिच्यातून येईल, असं मी ठरवून टाकलं. साहेबांना फोन करायचा तर माझी गिनती खोटी होती हे सांगावं लागणार. तेही जिभेवर येईना. मी सेक्शन तिथंच उभा ठेवला. गफूर दोनदा म्हणाला, "उस्ताद, मचवा करू या." दोनदा मी म्हणालो, "उभा राहा."

पाचला लाँच आली. एकेक माणूस उतरताना मी बघितला. बायका, पोरं, एक कॅमेरेवाला साहेब. शेवटी खलाशी दोर बांधायला लागला.

त्या एका तासाचं उत्तर मी आजवर कुणाला दिलं नाही.

मी तांडेलाचे पाय धरले. त्याआधी मी देव सोडून कुणाचे पाय धरले नव्हते. तो म्हणाला, "पाय नको धरू. बस मचव्यान." मी आणि गफूर बसलो. बाकीच्यांना सुभेदार साहेबांना कळवायला पाठवलं. मचवा मशिनचा होता, तरी मला तो जाग्यावर उभा आहे असं वाटत होतं. गफूर पुढं टोकाला उभा राहून ओरडत होता. "मारुती! ए मारत्या!" अजून बेट नीट दिसतही नव्हतं.

सहाला दहा कमी असताना पोचलो. दुपारची करडी जमीन कुठंच नव्हती. सगळीकडं पाणी, शांत, आमच्या धरणासारखं.

धक्क्याच्या कडेला बूट सापडले. टाचेला टाच लावलेले, मोजे घडी करून आत, लेसची टोकं आत खोचलेली. किट तपासणीला ठेवतात तसे. तेही मीच शिकवलं होतं.

मी अंगावरच्या कपड्यांनी उडी टाकली. गफूरनंही टाकली. त्याला धड पोहता येत नव्हतं, तरी टाकली. तांडेलानं त्याला मानेला धरून वर ओढलं. मी बुडी मारत राहिलो. खाली हात घातला की कोपरापर्यंत चिखलात जायचा आणि चिखल सोडायचा नाही. दर बुडीला वाटायचं, आता हाताला सदरा लागेल. माझ्या नाकातून रक्त आलं. मग तांडेलानं मलाही वर घेतलं.

बोरं विकणारी एक बाई धक्क्यावर येऊन उभी होती.

"त्यो तुमचा मानूस काय?" ती म्हणाली. "तिवरांच्या पलीकडं कोनतरी वरडत व्हता. दिसत नव्हता."

"काय वरडत होता?"

"आठ, आठ करत व्हता. तीनची लाँच सुटली तवा जोरान. आमाला वाटला लाँचवाल्यांना कायतरी सांगतंय."

गफूरनं ते बूट उचलून छातीशी धरले.

"कवापर्यंत?" मी विचारलं.

"चारची लाँच गेली तवरी व्हता आवाज. मंग नाय."

चारला मचवा केला असता तर पाचला इथं असतो. मी तांडेलाला विचारलं, "पाच वाजता पाणी किती असंल तितं?"

तो मशिनीकडं वळला. "सोड ना फौजी."

अंधार पडला. मी बेट सोडायला तयार नव्हतो. तांडेल म्हणाला, ओहोटीला आमची माणसं बघतील, तू इथं राहून दोन मुडदे करू नको. त्यानं आणि गफूरनं मला धरून मचव्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोळ्यांनी मारुतीला आणला. बाटली मिळाली नाही. चौकशी बसली. गिनतीत आठ कुणी दिला, असं कॅप्टन साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, गिनती मी घेतली, आवाज मला ओळखू आला होता, गुन्हा माझा. गफूर मध्ये बोलायला लागला. मी त्याला सावधान केला. त्याला सात दिवसांची शिक्षा झाली, माझ्या दोन्ही फिती गेल्या. पुढं नऊ वर्षं नोकरी केली, शिपाई म्हणून. परत फीत घे म्हणाले, मी घेतली नाही.

मामी मला एक शब्द वाईट बोलली नाही. तेराव्या दिवशी फक्त विचारलं, "खारं असतं व्हय रं?"

"असतं मामी."

लढाईत मेला नाही म्हणून मारुतीचं नाव कुठल्या दगडावर नाही. शाळेतल्या फळ्यावरही नाही. मी शाळेत सांगून बघितलं. गुरुजी म्हणाले, त्याला शहीद धरत नाहीत. न धरोत. शिपाई मारुती, आठ नंबर, शेवटपर्यंत आपला नंबर देत होता. ऐकणारे आम्ही नव्हतो.

आणि त्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मारुती अजून सापडायचा होता. पाचला उठलो, दाढी केली, बूट पुसले. शर्ट घेऊन खाटेवर बसलो आणि सुईदोऱ्याच्या पिशवीतली कात्री काढून दोन्ही फितींचे टाके उसवले. पावणेसहाला मैदानात गेलो. सेक्शन उभा होता. सात नंबरनंतर माणसाएवढी जागा मोकळी होती. कुणी सरकलं नव्हतं.

सुभेदार साहेबांनी माझ्या बाहीकडं बघितलं.

"फीत कुठंय?"

"खिशात, साहेब."

मी पुढं उभा राहिलो नाही. जाऊन त्या मोकळ्या जागेत सावधान उभा राहिलो. साहेबांनी स्वतः हुकूम दिला. गिनती उजवीकडून येत गेली. गफूरचा आवाज फाटला होता, तरी त्यानं सात दिला.

मी म्हणालो, "आठ." बारीक आवाजात नाही.