आजोबांचं अंथरूण

बाळांनो, तुमचे आजोबा गेल्यापासून त्यांची मांजर कपाटाखालीच बसून असते. मी जवळ गेले की कान मागे पाडून फिसकारते. परवा तिने माझा हात ओरबाडला. ती रागावलेली नाही, घाबरली आहे, हे मला कळतं. म्हणून तिला ओढून बाहेर काढत नाही. बाजूला तोंड करून जमिनीवर बसते, डोळे सावकाश मिटते, दुधाची वाटी जरा लांब ठेवते. अशा मांजराला ओळखीच्या वासाचं कापड द्यावं, हेही वाचलं आहे. पण रीतीप्रमाणे तेराव्याला त्यांची गादी, घोंगडी, कपडे सगळं देऊन टाकलं आणि घर धुऊन काढलं. त्यांच्या वासाची एक चिंधीही उरली नाही. मीसुद्धा शोधली.

धुणंभांडी करायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजी, कापूरहोळच्या ढाब्यावर सोडा तिला. तितं लई मांजरं हायत, हिच्यासारखीच भांडखोर."

"तिथे ती कुणाला ओळखते?" मी म्हटलं.

"हितं तरी कुणाला ओळखतीया?"

आज माझी शाल कपाटापाशी ठेवली. तिने ती हुंगली आणि पार भिंतीपर्यंत मागे सरकली. दूध आजही तसंच राहिलं.